गाडी अडते कुठे? घरच्या एडिटिंग कॉम्प्युटरची ७० वर्षांची गोष्ट



आजचा भाग तुमच्याच प्रश्नावर आहे. आपल्या इनबॉक्समध्ये दर आठवड्याला हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. "दादा, यूट्यूबसाठी एडिटिंग सुरू करायचंय, ६० हजारांत कुठला पीसी घेऊ?" "लॅपटॉपवर फोर-के अडकतंय, ग्राफिक्स कार्ड टाकलं तर सुटेल का?" "आय-सेव्हनच लागतो की आय-फाइव्हवर भागेल?"

उत्तर म्हणून मॉडेलची यादी देता येईल. पण ती यादी सहा महिन्यांत शिळी होते. शिवाय तुमचं काम काय आहे हे माहीत नसताना दिलेली यादी म्हणजे पेशंट न तपासता दिलेली गोळी. म्हणून आज यादीऐवजी इतिहास सांगतो. मी इंजिनीअर माणूस, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पण नोकरीत एक सवय लागलीय. एखादी सिस्टिम स्लो झाली की पहिला प्रश्न एकच: अडतंय कुठे? आमच्याकडे याला बॉटलनेक म्हणतात, बाटलीचा गळा. बाटली कितीही मोठी असू दे, पाणी बाहेर येणार ते गळ्याच्या मापानेच.

व्हिडिओ एडिटिंगच्या यंत्रांबद्दल वाचायला लागलो तेव्हा जाणवलं, ही सगळी गोष्ट त्या गळ्याचीच आहे. दर काही वर्षांनी तो जागा बदलतो. आणि लोक मात्र कालच्या गळ्यासाठी आज पैसे मोजत राहतात. कसं ते बघू.

ब्लेड आणि सूक्ष्मदर्शक

सुरुवात १९५६ पासून. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने त्या वर्षी व्हीआर-१००० नावाचा व्हिडिओ टेप रेकॉर्डर दाखवला. चार्ल्स गिन्सबर्ग यांची टीम त्यामागे होती. त्या टीममध्ये रे डॉल्बी नावाचा विशीतला एक पोरगा होता. हो, तोच डॉल्बी, ज्याचं नाव तुम्ही थिएटरमध्ये आणि मोबाईलच्या खोक्यावर वाचता. मशीनची किंमत साधारण ४५ ते ५० हजार डॉलर, तीही १९५६ मधली! टेप दोन इंच रुंद. ३० नोव्हेंबर १९५६ ला सीबीएसने याच यंत्रावर रेकॉर्ड केलेल्या बातम्या प्रसारित केल्या.

रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटला, पण एडिटिंगचं काय? सिनेमाची फिल्म उजेडासमोर धरली की चित्र दिसतं, कुठे कापायचं ते कळतं. व्हिडिओ टेप उजेडासमोर धरली तर दिसते नुसती तपकिरी पट्टी. मग इंजिनीअर लोक टेपवर बारीक लोहकण असलेलं द्रावण लावायचे, म्हणजे चुंबकीय रेघा दिसू लागायच्या. त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, दोन रेघांमधली नेमकी जागा शोधायची, ब्लेडने कापायचं आणि चिकटपट्टीने जोडायचं. जोड जरा हलला की पडद्यावर चित्र उसळलंच.

म्हणजे पहिला गळा कुठे होता? चित्र डोळ्यांना दिसतच नव्हतं, तिथे.

पुढे कापाकापी सुटली आणि कॉपी करण्याची पद्धत आली. एका मशीनवर मूळ टेप, दुसऱ्यावर कोरी टेप, आणि हवा तो भाग क्रमाने उतरवत जायचं. याला लिनियर एडिटिंग म्हणतात. यातली डोकेदुखी अशी, की अर्ध्या तासाचा कार्यक्रम तयार झाला आणि तिसऱ्या मिनिटाला दहा सेकंद वाढवायचे म्हटले, तर पुढचं सगळं पुन्हा उतरवा. आपल्याकडे व्हीएचएसच्या जमान्यात लग्नाच्या कॅसेटचं 'मिक्सिंग' असंच चालायचं. दोन व्हीसीआर, मध्ये मिक्सर, आणि बदामाच्या आकारात हसणारे नवरा-नवरी. तुमच्या आईबाबांच्या लग्नाची कॅसेट बघा. रंग उतरलेले दिसतील. त्याला टेपचं वय जबाबदार आहेच, पण ती कॉपीची कॉपी असते हेही एक कारण. दरवेळी उतरवताना चित्र थोडं विटायचं.

१९७१ मधली भन्नाट युक्ती

आता खरी गंमत. १९७१ मध्ये सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन कंपन्यांनी मिळून सीएमएक्स ६०० नावाचं यंत्र काढलं. कॉम्प्युटरवर, हव्या त्या क्रमाने एडिट करता येणारी ही पहिली सिस्टिम मानली जाते. टेपऐवजी चित्र डिस्कवर ठेवलेलं. डिस्कवर कुठूनही कुठेही उडी मारता येते, त्यामुळे तिसऱ्या मिनिटाला काही घुसवायचं असेल तर घुसवा, पुढचं आपोआप सरकतं. एडिटर स्क्रीनला लाइट पेन टेकवून शॉट निवडायचा. आज आपण टचस्क्रीनवर बोटाने करतो तेच.

अडचण एवढीच, की त्या डिस्कचे ड्राइव्ह वॉशिंग मशीनएवढे होते आणि तेवढं करूनही चांगल्या दर्जाचं रंगीत चित्र त्यात मावत नव्हतं. मग त्यांनी काय केलं? चित्राचा दर्जा मुद्दाम उतरवला. काळं-पांढरं, कमी रेझोल्युशनचं चित्र डिस्कवर घेतलं, तेही साधारण अर्ध्या तासाचंच. निर्णय सगळे त्या भुरकट चित्रावर घ्यायचे: कुठे कापायचं, कुठला शॉट कुठल्या शॉटनंतर. मग त्या कटांची यादी बनवायची आणि त्या यादीप्रमाणे मूळ, चांगल्या दर्जाच्या टेपवरून अंतिम कार्यक्रम जोडायचा.

या कल्पनेकडे नीट बघा. एडिटरला निर्णय घ्यायला पूर्ण दर्जाचं चित्र लागत नाही. निर्णयापुरतं चित्र लागतं. दर्जा लागतो तो शेवटी, एकदाच. त्या काळात याला ऑफलाइन आणि ऑनलाइन एडिटिंग म्हणायचे. आज तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉक्सी' नावाचं जे बटण आहे ना, ते हेच. पन्नास वर्षांहून जुनं. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहे.

सीएमएक्स ६०० मोजकीच विकली गेली. पण कल्पना टिकली. १९८९ मध्ये बिल वॉर्नर यांच्या ॲव्हिड कंपनीने ॲपलच्या मॅकिंटॉशवर चालणारी एडिटिंग सिस्टिम विकायला काढली. सुरुवातीला तिचंही चित्र असंच भुरकट होतं, आणि तिथेही अंतिम जोडणी वेगळी व्हायची. तरी चित्रपटवाले तिकडे वळले. 'द इंग्लिश पेशंट' या १९९६ च्या सिनेमाला एडिटिंगचं ऑस्कर मिळालं, ते वॉल्टर मर्च यांनी ॲव्हिडवर केलेल्या कामासाठी. कॉम्प्युटरवर एडिट केलेल्या सिनेमाला मिळालेलं ते पहिलं एडिटिंगचं ऑस्कर.

घरात यायला काय अडत होतं?

हे सगळं स्टुडिओचं झालं. घरच्या कॉम्प्युटरचं काय?

१९८५ मध्ये कमोडोर कंपनीचा अमिगा आला. त्याचं वैशिष्ट्य असं, की त्याचं चित्र टीव्हीच्या सिग्नलशी ताल धरू शकायचं. त्यामुळे व्हिडिओवर नावं टाकणं, ग्राफिक चढवणं घरबसल्या जमायला लागलं. १९९० च्या डिसेंबरमध्ये न्यूटेक कंपनीने त्याच अमिगासाठी व्हिडिओ टोस्टर नावाचं कार्ड आणलं आणि टीव्ही स्टेशनातले इफेक्ट छोट्या खोलीत आले. पण व्हिडिओ अजून टेपवरच होता.

१९९१ च्या शेवटी ॲपलचं क्विकटाइम आणि अडोबीचं प्रीमियर, दोन्ही आली. व्हिडिओ आता खरोखर हार्ड डिस्कवर फाइल म्हणून राहू लागला. चित्राचा आकार किती? १६० बाय १२०. टपाल तिकीट स्क्रीनवर चिकटवल्यासारखं. एवढं छोटं का? हिशोब करू, सोपा आहे.

आपल्या टीव्हीचं जुनं चित्र म्हणजे ७२० बाय ५७६ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २ बाइट धरा, सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे २१ एमबी येतात. तासाला जवळपास ७५ जीबी. आणि त्या काळातल्या घरच्या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क असायची ४०-८० एमबीची! म्हणजे दोन-चार सेकंदांत डिस्क भरली. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, पण त्यांचा वेग सेकंदाला काही एमबीच होता. शिवाय डिस्क तापली की ती मधूनच थांबून स्वतःची जुळवाजुळव करून घ्यायची. टायपिंग करताना ते कळायचंही नाही, पण व्हिडिओ घेताना तेवढ्यात फ्रेम गळून जायच्या. म्हणून व्हिडिओसाठी वेगळ्या, महागड्या 'एव्ही' डिस्क मिळायच्या.

तेव्हा गळा डिस्कपाशी होता. प्रोसेसर कितीही भारी घ्या, डिस्क चित्र पुरवू शकत नसेल तर काय उपयोग?

हा गळा फोडला १९९५ मध्ये डीव्ही फॉरमॅटने. कॅमेराच चित्र दाबून छोटं करायचा आणि सेकंदाला साधारण ३.६ एमबीवर आणायचा. सोनीच्या व्हीएक्स-१००० कॅमेऱ्यात फायरवायरचं पोर्ट होतं. एक वायर कॅमेऱ्याला, दुसरं टोक कॉम्प्युटरला, आणि टेपवरचे आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये. कॉपी विटण्याचा प्रश्नच संपला.

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलने आयमॅक डीव्ही काढला. सोबत आयमूव्ही सॉफ्टवेअर. किंमत १,२९९ डॉलर. ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, १० जीबी डिस्क. आज तुमच्या मनगटावरच्या घड्याळात याहून जास्त असतं. एडिटिंग मात्र खरंच व्हायचं! जोनाथन काउएट यांचा 'टार्नेशन' हा माहितीपट आयमूव्हीवर बनला आणि २००४ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. त्याची पहिली आवृत्ती २१८ डॉलरमध्ये झाली असं तेव्हा गाजलं होतं.

पण वरचा आकडा पुन्हा बघा. सेकंदाला ३.६ एमबी म्हणजे तासाला १३ जीबी. डिस्क १० जीबीची. म्हणजे खास व्हिडिओसाठी म्हणून विकलेल्या त्या मशीनमध्ये एक तासाची टेप पूर्ण मावत नव्हती. तेव्हा ज्यांनी जास्त पैसे देऊन प्रोसेसर वाढवला त्यांच्यापेक्षा, दुसरी डिस्क लावणारा शहाणा ठरला असणार.

दुधाचं कॅलेंडर

आता येतो तो वळणबिंदू, ज्याचा त्रास तुम्हाला आजही होतोय.

२००३-०४ मध्ये एचडीव्ही आलं. कॅसेट तीच डीव्हीची, आकडेही तेवढेच, सेकंदाला २५ मेगाबिट. पण चित्र हाय डेफिनिशन. फाइलचा आकार तोच आणि तरी कॉम्प्युटर गुडघ्यावर आले. डिस्कवर ताण वाढला नव्हता, मग झालं काय?

तुमच्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब असेल. १ तारखेला लिहिलेलं असतं 'दूध १ लिटर'. मग ६ तारखेला 'आजपासून दीड'. ११ ला 'अर्धा कमी'. बाकीचे चौकोन कोरे. आता मी विचारलं, १७ तारखेला दूध किती आलं? तुम्ही १७ च्या चौकोनात बघाल तर तिथे काहीच नाही. १ पासून वाचत यावं लागेल.

डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली असायची. रोजच्या चौकोनात रोजचा आकडा. एचडीव्ही आणि त्यानंतरचे एव्हीसीएचडी, एच.२६४, एच.२६५ हे सगळे दुधाचं कॅलेंडर आहेत. एक फ्रेम पूर्ण, पुढच्या कितीतरी फ्रेममध्ये फक्त 'काय बदललं' तेवढंच. काही फ्रेम तर पुढच्या तारखेकडेही बोट दाखवतात. साठवायला जागा कमी लागते म्हणून मोबाईलमध्ये तासभर व्हिडिओ मावतो. सलग बघताना काही वाटत नाही, कारण आपण ओळीने वाचत जातो. एडिटिंग करताना मात्र तुम्ही १७ वर उडी मारता, मग ९ वर, मग उलटं मागे. प्रत्येक उडीला प्रोसेसरला पहिल्यापासून हिशोब लावावा लागतो.

म्हणजे गळा डिस्कवरून उठला आणि प्रोसेसरपाशी, त्यातही फाइल उलगडण्याच्या कामापाशी जाऊन बसला. तेव्हापासून 'फाइल किती मोठी आहे' याइतकाच 'फाइल कशी दाबली आहे' हा प्रश्न महत्त्वाचा झाला. पुष्कळ जण आजही फक्त पहिलाच विचारतात.

यावर कंपन्यांनी दोन उपाय काढले. एक, फाइल एडिटिंगआधीच 'रोजच्या चौकोनात रोजचा आकडा' अशा फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायची. ॲव्हिडचा डीएनएक्सएचडी २००४ चा, ॲपलचा प्रोरेस २००७ चा. जागा जास्त खातात, पण लोण्यासारखे चालतात. दुसरा उपाय म्हणजे फाइल उलगडण्यासाठी वेगळं सर्किटच ठेवायचं. इंटेलने २०११ मध्ये प्रोसेसरच्या आत क्विक सिंक दिलं, पुढच्या वर्षी एनव्हिडियाने आपल्या कार्डांमध्ये एन्कोडिंगचं सर्किट दिलं. ॲपलच्या एम-१ चिपचा २०२० मध्ये जो बोलबाला झाला, त्यातही या सर्किटांचा मोठा वाटा होता. तो प्रोसेसर जादूने सगळ्यात वेगवान झाला नव्हता. हे एक काम त्याने वेगळ्या हाताला दिलं होतं.

दरम्यान रॅमचा गळाही सुटला. ३२ बिटच्या सॉफ्टवेअरला ४ जीबीच्या वर रॅम दिसायचीच नाही. २०१० मध्ये प्रीमियर सीएस-५ पूर्ण ६४ बिटचं झालं आणि सोबत इफेक्टचं काम ग्राफिक्स कार्डवर टाकू लागलं. 'एडिटिंगला ग्राफिक्स कार्ड हवंच' हा समज त्याच काळात घट्ट झाला. तो खोटा नाही. रंगकाम, ब्लर, नॉइज काढणं, याला कार्ड लागतंच. पण फाइल उलगडणं हे वेगळं काम आहे, आणि ते कार्डच्या किमतीवर ठरत नाही.

सॉफ्टवेअरच्या किमतीचा गळाही मोकळा झाला. दा विंची रिझॉल्व्ह ही एकेकाळी लाखो डॉलरची रंगकामाची सिस्टिम होती. ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये ती कंपनी घेतली आणि २०११ मध्ये फुकट आवृत्ती काढली. आज केडेनलाइव्ह, शॉटकटसारखी मोकळी सॉफ्टवेअरही आहेत.

भिशीचे पैसे

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे माझा मामेभाऊ. तालुक्याच्या गावी लग्नं, साखरपुडे, बारशी शूट करतो. हाताशी मिररलेस कॅमेरा आणि आठव्या पिढीचा आय-फाइव्ह असलेला जुना पीसी. ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. नवा कॅमेरा आल्यापासून टाइमलाइन पुढे सरकायचीच नाही. दुकानदाराने कोटेशन दिलं सव्वा लाखाचं. मोठं ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट, आत लाल-निळे दिवे. मामीची भिशी लागली होती, ते पैसे आणि वर हप्ते, असं ठरत आलं होतं. त्याने मला फोन केला तो फक्त "दादा, कार्ड कुठल्या कंपनीचं घेऊ?" एवढंच विचारायला.

मी म्हटलं, कार्डाचं राहू दे, आधी तुझ्या कॅमेऱ्याची फाइल दाखव. फाइल होती एच.२६५, १० बिट, ४:२:२. हे शेवटचे तीन आकडे रंगाची माहिती किती ठेवली आहे ते सांगतात. ४:२:० मध्ये कमी, ४:२:२ मध्ये जास्त. मोबाईल बहुतेक ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतात, आणि ते उलगडायचं सर्किट जवळपास सगळ्या नव्या मशीनमध्ये असतं. एच.२६५ चं ४:२:२ मात्र वेगळं प्रकरण आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स ते उलगडतं, ॲपलच्या एम मालिकेच्या चिप उलगडतात. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आहे. त्याआधीची ३० आणि ४० मालिका कितीही महाग घेतली तरी नाही.

आता कोटेशन बघा. कार्ड ४० मालिकेतलं. आणि प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी इंग्रजी एफ अक्षर. इंटेलच्या नावात एफ असेल तर इनबिल्ट ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही नाही. सव्वा लाखाच्या मशीनमध्ये त्याच्या कॅमेऱ्याची फाइल उलगडणारं सर्किट एकही नव्हतं! नव्या प्रोसेसरच्या दमावर थोडं बरं चाललं असतं. पण तीन कॅमेऱ्यांचं लग्न टाइमलाइनवर टाकलं की पुन्हा तेच रडगाणं. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. गेम खेळणाऱ्यासाठी ते मशीन झकास होतं. त्याने गिऱ्हाइकाला 'फाइल कुठली?' एवढंच विचारलं नव्हतं.

मग आम्ही काय केलं? पहिलं, फुकटचं काम: ज्या लग्नात फार रंगकाम करायचं नाही तिथे कॅमेरा ४:२:० वर ठेवायचा. जुन्या पीसीतलं सर्किट ते उलगडू शकतं. दुसरं, १ टीबीचा एसएसडी आणि रॅम ८ वरून १६. खर्च दहा हजारांच्या आत. तिसरं, १९७१ ची युक्ती: प्रॉक्सी. रात्री जेवायला बसताना फाइल आत टाकायच्या, सॉफ्टवेअर हलक्या प्रती बनवत बसतं, सकाळी त्यावर एडिट करायचं. एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाइल उचलतं. एक्स्पोर्ट सावकाश होतो, तो रात्री लावून झोपायचं.

गेली लग्नसराई त्या पीसीवर पार पडली. भिशीच्या पैशांतून दोन चांगले वायरलेस माइक आले, उरलेले मामीकडेच राहिले. त्याला नवं मशीन कधीच लागणार नाही असं नाही. काम वाढलं, दुसऱ्याच दिवशी हायलाइट द्यायची वेळ आली, तर रात्रभराचा एक्स्पोर्ट परवडणार नाही. पण तेव्हा तो कमाईतून घेईल, आणि काय घ्यायचं ते माहीत असेल.

आणि जुन्या साधनांना कमी लेखू नका. २०२० च्या ऑस्करमध्ये 'पॅरासाइट' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, एडिटिंगसाठीही नामांकन होतं. एडिटर यांग जिन-मो यांनी तो फायनल कट प्रो ७ वर कापला. ॲपलने २००९ नंतर त्याची नवी आवृत्तीच काढली नाही आणि २०११ मध्ये ते बंद केलं.

तुमचा गळा शोधा

आता तुमची पाळी. विंडोज असेल तर टाइमलाइन प्ले करून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सचा टॅब बघा.

मेमरी शंभराला टेकलीय? रॅम वाढवा. फोर-केसाठी १६ ही सुरुवात, ३२ असेल तर निवांत.

डिस्क शंभरावर? साधी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी देते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. चालू काम एसएसडीवर, संपलेलं काम हार्ड डिस्कवर.

प्रोसेसर शंभरावर आणि जीपीयूमधला 'व्हिडिओ डीकोड' शून्यावर? तुमची फाइल सर्किटला कळत नाही. प्रॉक्सी बनवा, नाहीतर कॅमेऱ्याची सेटिंग बदला.

नुसतं प्ले होतं पण इफेक्ट टाकला की अडतं, आणि जीपीयू शंभरावर जातो? तेव्हा, आणि तेव्हाच, ग्राफिक्स कार्डाकडे वळा.

सगळं शांत आहे आणि तरी आवाज-चित्र जुळत नाही? बहुतेक मोबाईलचा व्हिडिओ आहे. मोबाईल फ्रेमचा वेग कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो. फाइल एकदा ठरावीक फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं.

आणि नवं मशीन घ्यायचंच असेल, तर दुकानात जाताना तुमच्या कॅमेऱ्याची एक खरी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा. तीच तिथे चालवून दाखवायला सांगा. चप्पल घेतानासुद्धा आपण पायात घालून चार पावलं चालून बघतोच की.

टास्क मॅनेजरमध्ये काय दिसलं ते स्क्रीनशॉटसकट पाठवा. पुढच्या भागात त्यातली तीन-चार मशीन घेऊन, कुणाचा गळा कुठे आहे ते एकत्र शोधू. तोवर कुठल्याही कोटेशनवर सही करू नका. भेटूया!